कानात नाडीच्या तालावर आवाज येतोय आणि डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करू, तर आधी काय काय बघायचं

तुमचा प्रश्न मोठा आहे, त्यातलं कामाचं आधी थोडक्यात लिहितो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. मिसेसचं वय ३६, डाव्या कानात बरेच महिने नाडीबरोबर सूं सूं असा आवाज, रात्री आडवं पडलं की जास्त. एमआरआय ब्रेन नॉर्मल, ऑडिओग्राम जवळपास नॉर्मल, एका ठिकाणी टेन्शन आहे म्हणून झोपेची गोळी दिली, दुसऱ्या ठिकाणी कानाच्या हाडाचा सीटी केला त्यात डाव्या बाजूच्या सिग्मॉइड सायनसवरचं, म्हणजे कानामागून खाली उतरणाऱ्या मोठ्या शिरेवरचं, हाड नाहीये आणि तिथे छोटा फुगवटा आहे असं आलं, आणि ते सर्जन ऑपरेशनला तयार आहेत. दुसऱ्या डिलिव्हरीनंतर वजन बरंच वाढलंय, डोकं अधूनमधून दुखतं. तुम्ही विचारताय की ऑपरेशन करावं का, आवाज जाईल का, आणि गेला तर परत येईल का.

मी ईएनटी सर्जन आहे, कानाच्या हाडातली ऑपरेशन्स हेच रोजचं काम आहे, त्यामुळे ऑपरेशनच्या विरोधात मी असायचं काही कारण नाही. तरीही माझं मत सरळ सांगतो, झोपेची गोळी हे उत्तर नाही आणि ऑपरेशन कदाचित उत्तर असेल पण आज नाही. तुम्ही लिहिलेल्या सगळ्या तपासण्यांमध्ये डोळ्याचा पडदा कोणी बघितल्याचं कुठेच नाहीये, मेंदूतल्या शिरांचा वेगळा स्कॅन नाहीये, आणि हिमोग्लोबिनसुद्धा नाहीये. हे तीन झाल्याशिवाय कोणीही कानामागे चिरा देऊ नये असं मला वाटतं.

आता जरा मुळापासून. कानात आवाज येणारे पेशंट आमच्याकडे रोजच असतात, पण त्यातले बहुतेक एकसारखी शिट्टी, रातकिडे, प्रेशर कुकर असं सांगतात. तो आवाज ऐकू यायच्या नसेतून आणि मेंदूतून तयार होतो, बाहेर कुठे आवाज होत नसतो, आणि त्याला बऱ्याचदा सवय करून घ्या हाच सल्ला असतो. नाडीबरोबर येणारा आवाज वेगळा. इथे बहुतेक वेळा शरीरात खरोखर कुठेतरी रक्त खळखळतंय आणि ते कानाला ऐकू येतंय, किंवा कानातच असा काही बदल झालाय की नेहमीचा रक्ताचा आवाज आत जास्त पोचतोय. म्हणजे शोधलं तर कारण सापडायची शक्यता पुष्कळ, आणि कारण सापडलं तर बरं व्हायची शक्यताही पुष्कळ. म्हणून 'सवय करा' हे वाक्य या पेशंटला पूर्ण तपासणीआधी सांगितलं की मला राग येतो, मग ते कोणीही सांगो.

पहिलं म्हणजे आवाज खरंच नाडीबरोबर आहे का. मिसेसना सांगा, आवाज ऐकत ऐकत बोटाने टेबलावर ठोके द्या, आणि तुम्ही दुसऱ्या हाताची नाडी धरा. जुळलं तर जुळलं. कधीकधी पेशंट धडधड म्हणतात आणि प्रत्यक्षात टक टक टक असं भराभर, नाडीशी काही संबंध नसलेलं असतं, ते मधल्या कानातल्या किंवा टाळूच्या स्नायूंचं फडफडणं असतं, त्याची ट्रीटमेंट पूर्ण वेगळी, त्यात मी इथे शिरत नाही.

दुसरं, जी टेस्ट मी ओपीडीत सगळ्यात आधी करतो आणि जिला एक रुपया लागत नाही. ज्या कानात आवाज आहे त्याच बाजूला जबड्याच्या कोपऱ्याखाली, मानेच्या त्या लांब स्नायूच्या पुढच्या कडेला बोटांनी हलकं दाबायचं, अगदी हलकं, नाडी लागेपर्यंत नाही, कारण आपल्याला वरवरची शीर दाबायचीये, खालची कॅरोटिड धमनी नाही. आवाज बंद झाला किंवा एकदम कमी झाला तर तो शिरेतून, म्हणजे व्हेनमधून येतोय असं धरायचं. मान त्याच बाजूला वळवली की कमी आणि विरुद्ध बाजूला वळवली की जास्त, हेही शिरेच्याच बाजूने बोलतं. दाबून काहीच फरक नाही तर धमनी, फिस्टुला (धमनी सरळ शिरेत उघडणं), गाठ किंवा कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या नळीवरचं हाड नसणं अशा दिशेने विचार करायचा. दोन्ही बाजू एकदम दाबायच्या नाहीत, आणि वय जास्त असेल, बीपी-शुगर-सिगारेट असेल तर हे घरी करूच नका, डॉक्टरांना करू द्या, कॅरोटिडमध्ये चरबी साठलेली असेल तर ती चोळणं धोक्याचं आहे. आणि हो, ही टेस्ट शंभर टक्के नाही, फिस्टुलाचा आवाजसुद्धा दाबण्याने कधीकधी थोडा बदलतो, म्हणून एवढ्यावर निदान करून मोकळं व्हायचं नाही.

तुम्ही लिहिलंय की तुम्ही त्यांच्या कानाला कान लावून ऐकलं आणि तुम्हाला काही आलं नाही म्हणून डॉक्टरांना तो भास वाटला. शिरेचा आवाज इतका खालच्या पट्टीतला आणि हळू असतो की बाहेरच्याला बहुधा येतच नाही. म्हणून आला नाही याचा अर्थ खोटं असा होत नाही. उलट शांत खोलीत स्टेथोस्कोप कानामागच्या हाडावर, मानेवर, डोळ्यावर ठेवून जर डॉक्टरला स्वतःला सूं सूं ऐकू आलं तर मी जास्त घाबरतो, का ते पुढे येईल.

दुर्बिणीने कानाचा पडदा बघणं तर झालंच असेल. पडद्यामागे लाल, नाडीबरोबर उडणारं काही दिसलं तर ती रक्तवाहिन्यांची गाठ असू शकते, आमच्या भाषेत ग्लोमस, किंवा क्वचित वाट चुकलेली कॅरोटिड धमनी, किंवा निळसर असेल तर वर सरकलेला जुग्युलर बल्ब, म्हणजे मानेतल्या मोठ्या शिरेचा वरचा फुगीर भाग. तुमच्या केसमध्ये पडदा नॉर्मल लिहिलाय म्हणून जास्त सांगत नाही, पण वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाला लाल पडदा सांगितला असेल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, सीटी झाल्याशिवाय त्या पडद्याला कोणी सुई लावायची नाही, छेद द्यायचा नाही, तुकडा काढायचा नाही. कान वाहील म्हणून नाही, रक्त थांबणार नाही म्हणून.

मग रक्त. आपल्याकडे बायकांचं हिमोग्लोबिन कमी असणं ही काही विशेष गोष्ट राहिलेली नाही, आणि रक्त पातळ आणि हृदय जोरात पंप करतंय म्हटल्यावर मानेतल्या शिरांमधून आवाज येऊ शकतो. थायरॉइड वाढलेला असला तरी तेच, प्रेग्नन्सीतही तेच. लोहाचं औषध सुरू करून काही आठवड्यांत आवाज गेलेला आहे असे पेशंट कुठल्याही कानाच्या डॉक्टरला विचारा, त्यांनी पाहिलेले असतात, आणि त्यातल्या काहींच्या हातात सीटीचा महागडा रिपोर्टसुद्धा असतो. म्हणून सीबीसी (रक्ताची साधी तपासणी, हिमोग्लोबिन त्यातच येतं), टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि बीपी, आधी हे.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी मी एवढं लिहायला बसलो. तरुण बाई, वाढलेलं वजन, डोकेदुखी, नाडीबरोबर आवाज. हे चार एकत्र दिसले की कोणत्याही कानाच्या सर्जनच्या मनात आधी डोक्यातलं पाण्याचं प्रेशर यायला पाहिजे. मेंदूभोवतीच्या पाण्याचं प्रेशर कुठली गाठ वगैरे नसताना वाढतं, त्याला इडिओपॅथिक इंट्राक्रेनियल हायपरटेन्शन म्हणतात, आपण आयआयएच म्हणू. यात डोकं दुखतं, वाकलं की किंवा पटकन उठलं की काही सेकंद डोळ्यापुढे अंधारी येते, कधी दोन दोन दिसतं, आणि कानात हा आवाज. काही जणींना तर डोकेदुखी फारशी नसतेच, आवाज हीच मुख्य तक्रार असते आणि त्या सरळ आमच्याकडे येतात. धोका कानाला नाहीये, डोळ्याला आहे. प्रेशरने डोळ्याची नस सुजते आणि दुर्लक्ष झालं तर नजर कायमची जाऊ शकते.

म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, थेंब घालून पडदा बघा म्हणावं, ओसीटी (डोळ्याच्या पडद्याचा आणि नसेचा स्कॅन) आणि व्हिज्युअल फील्ड (नजरेचा घेर मोजणं) हेसुद्धा करून घ्या, आणि चिठ्ठीवर 'नाडीबरोबर कानात आवाज, आयआयएच आहे का' असं स्पष्ट लिहून न्या. चष्म्याचा नंबर तपासून परत पाठवतील तर उपयोग नाही. याच आठवड्यात करा, हे काम थांबवण्यासारखं नाही. फक्त एक, पडदा नॉर्मल आला म्हणून आयआयएच नाहीच असं म्हणता येत नाही, सूज न येताही तो असतो, पण सूज असली तर पुढचं सगळं घाईने करावं लागतं.

तुमचा एमआरआय नॉर्मल आहे म्हणताय ना, तोच सीडीवरचा एमआरआय चांगल्या न्यूरोरेडिओलॉजिस्टला परत दाखवा आणि विचारा की पिट्युटरीची जागा रिकामी, चपटी दिसते का, डोळ्याचा गोळा मागून चपटा झालाय का, डोळ्याच्या नसेभोवती पाणी जास्त आहे का. ही आयआयएचची चिन्हं आहेत आणि विचारलं नाही तर बऱ्याचदा रिपोर्टमध्ये येत नाहीत, कारण फॉर्मवर नुसतं 'टिनिटस', म्हणजे कानात आवाज, एवढंच लिहिलेलं असतं आणि रेडिओलॉजिस्ट बिचारा नसेवरची गाठ शोधत बसतो.

आणि त्याच्याबरोबर शिरांचा स्कॅन, म्हणजे एमआर व्हेनोग्राम, तोही कॉन्ट्रास्ट देऊन. बिनाकॉन्ट्रास्टच्या व्हेनोग्राममध्ये रक्त हळू वाहत असेल तिथे शीर तुटल्यासारखी दिसते आणि मग खरं अरुंद आहे की स्कॅनचा खेळ हे कळत नाही. याच वेळी धमन्यांचा भागही करून घ्या, एकदाच मशीनमध्ये जायचंय तर पूर्ण बघून घ्यावं.

शिरांमध्ये काय शोधायचं? एक म्हणजे गुठळी. डिलिव्हरीनंतर मेंदूच्या शिरांमध्ये गुठळी होणं हे आपल्या देशात न्यूरोलॉजिस्टना नवीन नाही. त्यात पुन्हा गर्भनिरोधक गोळ्या, किंवा घरात लग्न-पूजा आहे म्हणून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या, या हार्मोनच्या गोळ्यांनी गुठळीचा धोका वाढतो, आणि पेशंट त्यांना औषध समजतच नाहीत म्हणून हिस्ट्रीत सांगत नाहीत. मिसेसना नीट विचारा. पिंपल्ससाठी डॉक्सीसायक्लिन, मिनोसायक्लिन किंवा आयसोट्रेटिनॉइन घेतलंय का तेही विचारा, त्यांनी पाण्याचं प्रेशर वाढतं, अ जीवनसत्त्वाच्या जास्त डोसनेही वाढतं.

दुसरं म्हणजे ट्रान्सव्हर्स सायनस अरुंद झालाय का. डोक्याच्या मागच्या बाजूने दोन मोठ्या शिरा आडव्या येतात, त्या ट्रान्सव्हर्स, त्याच पुढे कानामागे वळून खाली उतरतात ती सिग्मॉइड, आणि मग मानेतली जुग्युलर. आयआयएचमध्ये ट्रान्सव्हर्स जिथे संपते तिथे ती दाबली जाऊन अरुंद होते. बागेतल्या पाण्याच्या पाइपवर अंगठा दाबला की पुढे पाणी कसं जोरात फुटतं, तसं त्या अरुंद जागेपुढे रक्ताची धार सिग्मॉइडच्या भिंतीवर आपटते. तिथेच आवाज होतो, आणि असं बरंच काळ चाललं की तिथलं हाड झिजून फुगवटाही येऊ शकतो. आता कळलं का मी ऑपरेशनला थांबा का म्हणतोय? तुमच्या सीटीत दिसलेला फुगवटा आणि गेलेलं हाड हा आजार असेल, किंवा वरच्या आजाराचा परिणाम असेल. परिणाम असेल आणि आपण नुसता तोच झाकला तर आवाज पूर्ण जाणार नाही किंवा काही महिन्यांनी परत येईल, आणि त्याहून वाईट म्हणजे ऑपरेशनमध्ये सायनस थोडा दाबला गेला तर आधीच वाढलेलं प्रेशर आणखी वाढू शकतं आणि नजर जाऊ शकते. ही पुस्तकातली भीती नाही, या ऑपरेशनचे माहीत असलेले धोके आहेत.

अजून एक तिरकी गोष्ट. बहुतेक लोकांची उजवी ट्रान्सव्हर्स-सिग्मॉइड मोठी असते, डावी लहान. शिरेचा आवाज साधारणपणे जिकडे रक्त जास्त तिकडे येतो. मिसेसचा आवाज डावीकडे आहे, तर व्हेनोग्राममध्ये त्यांची डावी बाजू मोठी आहे का हे मुद्दाम बघा. डावी अगदी बारीक निघाली तर त्या फुगवट्यावर मला शंका येईल, आणि मानेवरच्या दाबाने आवाज थांबत नसेल तर शंका दुप्पट. सीटीमध्ये सिग्मॉइडवरचं हाड पातळ किंवा नसलेलं हे काही तक्रार नसलेल्या माणसांतही दिसतं. सीटीतलं चित्र आणि पेशंटचा आवाज हे दोन्ही एकाच गोष्टीकडे बोट दाखवत असतील तरच ऑपरेशन.

व्हेनोग्राम आणि डोळे यावरून प्रेशरचा संशय आला तर न्यूरोलॉजिस्ट पाठीतून पाणी काढून प्रेशर मोजतील. कुशीवर झोपवून, पाय जरा सैल करून, मॅनोमीटर, म्हणजे प्रेशर मोजायची नळी लावून, आणि त्यात पाणी २५ सेंटिमीटरपेक्षा जास्त चढलं तर वाढलेलं. हे इतकं बारकाईने सांगतोय कारण पाणी काढून लॅबला पाठवलं आणि प्रेशर मोजलंच नाही असं ऐकायला मिळतं, आणि मग परत टोचावं लागतं. आणि त्या दिवशी मिसेसना एकच प्रश्न विचारा, पाणी काढल्यावर आवाजाचं काय झालं? थोडा वेळ का होईना पूर्ण शांत झालं असेल तर ती माहिती कुठल्याही स्कॅनइतकी मोलाची आहे, लिहून ठेवा.

प्रेशर निघालं तर ट्रीटमेंट कानाची नाहीच. वजन ५ ते १० टक्के कमी करणं आणि अॅसिटाझोलामाइड, म्हणजे डायमॉक्स नावाने मिळते ती गोळी. अमेरिकेत १६५ पेशंटवर झालेली एक चांगली ट्रायल २०१४ मध्ये छापून आली, त्यात वजन कमी करण्याबरोबर ही गोळी दिलेल्यांची नजर नुसत्या डाएटवाल्यांपेक्षा जास्त सुधारली. गोळीने बोटांना आणि ओठांना मुंग्या येतात, सोडा-कोल्ड्रिंक विचित्र लागतं, हे माहीत असू द्या म्हणजे घाबरून बंद करणार नाही. मूतखडा झालेला असेल किंवा सल्फाची अॅलर्जी असेल तर आधी सांगा. या गोळीवर आणि वजनावर आवाज जाताना पाहिलाय, आणि तेव्हा त्या सीटीतल्या फुगवट्याला कोणी हात लावायची गरज उरत नाही.

गोळी सोसत नाही, नजर उतरतेय, किंवा आवाजाने जगणं नकोसं झालंय आणि शीर खरोखर अरुंद आहे, अशा वेळी स्टेंटचा विचार होतो. मांडीच्या शिरेतून कॅथेटर वर नेतात, अरुंद जागेच्या अलीकडे-पलीकडे प्रेशर मोजतात, आणि फरक साधारण ८ मिलिमीटर मर्क्युरीच्या वर असेल तर स्टेंट टाकायचा असा बऱ्याच सेंटरचा हिशोब आहे. पेशंट जागा असेल तर त्याच टेबलावर छोटा फुगा फुगवून आवाज थांबतो का हेही विचारता येतं. ही जमेची बाजू आमच्या ऑपरेशनमध्ये नाही, आम्ही पेशंटला पूर्ण भूल देतो, आवाज थांबला का हे सकाळीच कळतं. पण स्टेंट पडला की पुढे काही महिने दोन-दोन रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या, म्हणजे त्या काळात प्रेग्नन्सीचा बेत नको, दुसरं ऑपरेशन नको. आणि डोक्यात टाकलेला स्टेंट काढता येत नाही.

स्टेथोस्कोपने आवाज ऐकू आला तर मी घाबरतो असं वर म्हटलं होतं, ते ड्युरल फिस्टुलामुळे. मेंदूच्या आवरणात धमनी सरळ शिरेत उघडते, धमनीचं जोराचं रक्त शिरेत घुसतं. अपघात, जुनी गुठळी, कधी काहीच कारण नाही. यातले काही प्रकार नुसता आवाज करतात आणि बाकी त्रास देत नाहीत, पण रक्त उलटं मेंदूच्या पृष्ठभागावरच्या शिरांमध्ये जायला लागलं की ब्रेन हॅमरेज होऊ शकतं. १९९५ मधलं कॉग्नार्डचं वर्गीकरण अजूनही याचसाठी वापरतात, कुठला फिस्टुला थांबू शकतो आणि कुठला नाही ते ठरवायला. साध्या एमआरआयमध्ये हा सहज निसटतो. पक्कं निदान डीएसए, म्हणजे धमनीतून डाय सोडून करतात ती अँजिओग्राफी, आणि बाहेरच्या कॅरोटिडच्या फांद्या दोन्ही बाजूंच्या बघितल्या पाहिजेत, नुसत्या मेंदूच्या धमन्या बघून 'नॉर्मल' म्हटलं तर फिस्टुला राहूनच जातो. उपाय बहुतेक वेळा त्याच मार्गाने, कॅथेटरमधून ओनिक्ससारखं द्रव सोडून रस्ता बंद करणे.

मग सगळ्यांचीच डीएसए करायची का? नाही. चांगल्या हातात लकवा वगैरे कायमचा त्रास व्हायचा धोका शंभरात एकापेक्षा कमी आहे, पण शून्य नाही. आवाज बाहेरून ऐकू येतो, मान दाबून फरक पडत नाही, डोक्याला मार लागल्यावर सुरू झालाय, आधी गुठळी झाली होती किंवा स्कॅनमध्ये शंका आहे, अशा वेळी मी डीएसएशिवाय पुढे जात नाही.

बाकी कारणं भराभर सांगतो. ग्लोमस गाठ पडद्यामागेच असेल तर ऑपरेशन तसं सुटसुटीत, पण जुग्युलर बल्बमधून निघालेली मोठी असेल तर गिळण्याच्या, आवाजाच्या, चेहऱ्याच्या नसा पणाला लागतात, तिथे आधी गाठीचं रक्त बंद करणं, कधी गॅमा नाइफ म्हणजे किरणांचा उपचार, कधी नुसतं दरवर्षी बघत राहणं, आणि त्याआधी रक्तातले मेटानेफ्रिन (गाठ बीपी वाढवणारे हार्मोन सोडतेय का ते यावरून कळतं) आणि घराण्यात कोणाला असली गाठ आहे का हे बघावंच लागतं. दुसरं, तोल सांभाळणाऱ्या तीन नळ्यांपैकी वरच्या नळीवरचं हाड नसणं, हे १९९८ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या लॉइड मायनर यांनी पहिल्यांदा नीट मांडलं, यात पेशंट म्हणतो की मला माझे डोळे फिरवलेले ऐकू येतात, चालताना टाचेचा आवाज कानात येतो, मोठ्या आवाजाने चक्कर येते, आणि डॉक्टर त्याला मानसोपचाराकडे पाठवतात. त्याची नळी बुजवायचं ऑपरेशन चांगलं आहे. साठीच्या पुढचा सिगारेटवाला माणूस असेल तर आधी मानेचा डॉपलर. आणि शेवटचं म्हणजे 'नसेजवळ रक्तवाहिनीचा लूप आहे', हे वाक्य एमआरआयच्या रिपोर्टमध्ये सारखं दिसतं, काही त्रास नसलेल्या माणसांतही तो लूप असतो, नुसत्या तेवढ्यावर कोणी डोकं उघडायला सांगितलं तर सरळ दुसरं मत घ्या.

आता समजा सगळं झालं. हिमोग्लोबिन ठीक, डोळे ठीक, प्रेशर नाही, शीर अरुंद नाही, गुठळी-फिस्टुला नाही, डावी बाजू मोठी आहे, मान दाबली की आवाज थांबतो आणि तिथेच हा फुगवटा आहे. तर मग ऑपरेशन करा, आणि निर्धास्त मनाने करा, कारण अशा निवडलेल्या पेशंटमध्ये रिझल्ट चांगले आहेत, बहुतेकांचा आवाज जातो किंवा खूप कमी होतो. त्याला सिग्मॉइड रिसर्फेसिंग म्हणतात. कानामागे चिरा, मास्टॉइडचं हाड ड्रिलने उघडायचं, सायनसजवळ आलं की डायमंड बर आणि भरपूर पाणी, कारण तिथली भिंत कागदासारखी पातळ असते. फुगवटा सगळ्या बाजूंनी मोकळा करायचा, आत ढकलायचा, त्यावर पेशंटचंच स्नायूवरचं आवरण, कधी कूर्चा, वरून हाडाचा चुरा किंवा बोन सिमेंट, असं परत हाड तयार करायचं. ऐकू यायच्या हाडांना, पडद्याला हात लागत नाही. सगळी कला एवढ्यात आहे की भिंत घट्ट व्हावी पण सायनसची आतली जागा कमी होऊ नये. उत्साहाने जास्त दाबलं की गुठळी.

धोके काय? भिंत फाटून रक्तस्राव, तो दाबून थांबतो पण अनुभव लागतो. उघड्या शिरेतून हवा आत जाणं, म्हणून डोकं फार वर ठेवत नाहीत. सायनसमध्ये गुठळी, पाण्याची गळती, जंतुसंसर्ग, आणि वर सांगितलेलं प्रेशर. सर्जनना तीन गोष्टी विचारा, हे ऑपरेशन आधी केलंय का, ऑपरेशनआधीचा व्हेनोग्राम तुम्हाला हवाय का, आणि नंतर डोकं दुखलं तर तुमचा प्लॅन काय. दुसऱ्या प्रश्नाला 'गरज नाही' असं उत्तर आलं तर मी तिथे करणार नाही. आणि मानेतली जुग्युलर बांधून टाकू असा जुना उपाय अजून कोणी सुचवत असेल तर त्याला नाही म्हणा, आवाज बऱ्याचदा परत येतो आणि रक्ताचा रस्ता मात्र कायमचा बंद होतो.

हॉस्पिटल निवडताना कानाचा सर्जन, न्यूरोलॉजिस्ट, डोळ्यांचे डॉक्टर आणि कॅथेटरवाला न्यूरोरेडिओलॉजिस्ट एका छताखाली किंवा निदान एकमेकांशी फोनवर बोलणारे असावेत. खर्चाचा प्रश्न असेल तर मोठ्या सरकारी मेडिकल कॉलेजात जा, आणि महात्मा फुले योजनेत यातलं काय बसतं ते ॲडमिशनआधीच तिथल्या आरोग्यमित्राला विचारा, नंतर विचारून उपयोग होत नाही.

तोपर्यंत रात्री उशाची बाजू थोडी उंच, पंखा किंवा हळू आवाजात काहीतरी सुरू, उजव्या कुशीवर झोपून बघा. कानात तेल, मसाज, मान मोडून घेणं, हे नको. अचानक दिसणं कमी झालं, दोन दोन दिसलं, कधी नव्हे इतकं डोकं दुखलं, हातपाय जड पडले, किंवा मानेत कळ येऊन एक पापणी पडली, तर ओपीडीची वाट न बघता त्याच दिवशी इमर्जन्सीला.

तुमचा शेवटचा प्रश्न, आवाज परत येतो का. नीट निवडलेल्या पेशंटमध्ये सहसा नाही, पण वजन परत वाढून प्रेशर वाढलं तर येऊ शकतो, किंवा दुसऱ्या कानात सुरू होऊ शकतो. ऑपरेशननंतर पहिले काही आठवडे मास्टॉइडमध्ये रक्त आणि पाणी असतं, कान दडे बसल्यासारखा वाटतो आणि कधी जुना आवाज मधूनच डोकावतो, तेवढ्याने ऑपरेशन फुकट गेलं असं समजू नका. मात्र त्या काळात डोकेदुखी दिवसेंदिवस वाढत गेली किंवा उलट्या सुरू झाल्या तर टाके काढायच्या तारखेपर्यंत थांबू नका, व्हेनोग्राम लगेच परत करावा लागतो आणि डोळ्याचा पडदाही त्याच दिवशी बघावा लागतो.